चौथ्या पिंजऱ्याचा निकाल

मी उंदीर बोलतोय. खरं तर उंदराचा तुकडा. माझ्या यकृताचा केसाहून पातळ काप काचेच्या पट्टीवर चिकटवलाय आणि त्याला गुलाबी-जांभळा रंग दिलाय. तोंड उरलेलं नाही, पण सांगायचं बरंच आहे.

माझा जन्म कल्याणच्या एका फार्मसी कॉलेजातल्या प्राणीघरात झाला. आम्ही चोवीस जण, चार पिंजरे. पहिल्या पिंजऱ्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला टीबीच्या गोळ्या, यकृत बिघडेल एवढ्या. तिसऱ्याला त्याच गोळ्या आणि सोबत यकृताचं नेहमीचं औषध. चौथ्याला गोळ्या आणि एका पाल्याचा अर्क. मी चौथ्यात होतो. कोण कुठला ते ओळखू यावं म्हणून आमच्या अंगावर पिवळा रंग लावत. माझ्या पाठीवर होता.

पाला सगुणा आजीचा. ही रसिकाच्या वडिलांची आत्या. कोलशेत गावात ती कावीळ उतरवते. रसिका एम.फार्म. करते. रोज सकाळी ती आम्हाला नळीने अर्क पाजायची आणि पाजताना घरच्यांवर चिडायची. ऐकून घेणारे आम्हीच.

"आजी आधी हाताला आंब्याची साल चोळते, मग चुन्याचं पाणी ओतते. पाणी पिवळं झालं की म्हणे उतरली! अरे, साल आणि चुना म्हटल्यावर पिवळंच होणार ना!"

मी काही बोललो नाही. नळी घशात होती.

पहिला आठवडा फक्त अर्काचा होता. गोळ्या नंतर सुरू व्हायच्या होत्या. त्या आठवड्यात रसिकाने माझे दोन फोटो घरी दाखवले, एक सोमवारचा, एक रविवारचा. ही तिची चूक. आम्ही दिवसभर अंग चाटतो, त्यामुळे रंग फिका पडतो.

"बग," आजी म्हणाली, "सोमवारी पिवला, आयतवारी पांढरा. उतरली!"

"अगं आजी, तो रंग आहे! आणि याला गोळी अजून दिलीच नाहीये!"

"गोली द्यायच्या आदीच उतरली. एवरा जालीम माजा पाला."

रसिकाचे वडील काळुराम यांनी तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला. त्यांना त्याच महिन्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

प्रयोगाच्या चौथ्या आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या ताबडतोब बंद, उद्या दवाखान्यात भरती व्हा, रक्त तपासून गोळ्या बदलू. काळुरामांनी गोळ्या बंद केल्या आणि पाला सुरू केला.

"तुझा उंदीर काय बोलतो ते बघू," ते रसिकाला म्हणाले. "त्याला पाला लागू पडला तर मी इथंच बरा. नाय पडला तर येतो दवाखान्यात."

"बाबा, डॉक्टरचं ऐकायचं नाही आणि उंदराचं ऐकायचं?"

"डॉक्टरनं कुठं गोळ्या खाल्ल्यात? उंदरानं खाल्ल्यात."

त्या घरात मला एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. त्याच दिवशी मला मारलं. ते ठरलेलंच होतं.

चार दिवसांनी मी काचेवर आलो. रसिकाने मला मायक्रोस्कोपखाली धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. शेजारी दुसऱ्या पिंजऱ्याची काच होती. आमच्यात काही फरक नव्हता.

तिचे सर आले, त्यांनीही पाहिलं. "दुसरीकडे सरकव गं. एवढ्या कापात एखादा चांगला कोपरा सापडेलच. तिथला फोटो काढ. पाला चालला, असाच पेपर लिहायचाय आपल्याला."

"सर, कोपऱ्यावर माझा बाप जगणार नाही," रसिका म्हणाली. सरांना चहाची आठवण झाली.

दुपारी तिने काळुरामांना आणि आजीला रिक्षात घालून कॉलेजात आणलं. आधी पहिल्या पिंजऱ्याची, निरोगी यकृताची काच लावली. काळुराम म्हणाले, "हे तर आपलं मिठागर. कप्पे कसे आखलेत!" त्यांची अर्धी हयात मिठागरावर गेली होती.

मग मला लावलं. त्यांचा डोळा माझ्यावर आला. बुबुळाच्या कडेचा भाग हळदीसारखा पिवळा. असा डोळा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"बांध फुटलाय," ते हळूच म्हणाले. "सगलीकडं फुटलाय."

"यानं पाला घेतलेला, बाबा. रोज. एक दिवस चुकला नाही."

आजीने त्यांना बाजूला सारून स्वतः डोळा लावला. मिठागर तिनेही पाहिलेलं. फुटलेला बांध तिला सांगावा लागला नाही. काळुरामांनी काचेकडे बघून हात जोडले.

"उंदराला काय हात जोरतंस?" आजी खेकसली. "चल, दवाखाना बंद होल."

तिघंही दवाखान्यात निघाले. आता मी एका लाकडी पेटीत, एकोणिसाव्या खाचेत उभा आहे. त्यानंतर काय झालं, ते इथे कुणी बोलत नाही. काळुराम, बरं वाटलं की एकदा परत या. मायक्रोस्कोपला डोळा लावा. तुम्ही मला बघू नका, मला तुमचा डोळा पांढरा झालेला बघायचाय.