ओंजळीतलं पाणी

चौबे कॉलनीतल्या वृद्धाश्रमात त्या सकाळी देवश्री नावाची पोरगी सगळ्यांचं गिळणं तपासायला आली होती. कोणाचं पाणी पोटात जातं आणि कोणाचं श्वासनळीत, हे तिला चार घोटांत कळायचं म्हणे. भैय्यालाल अर्धा पेला पिऊन पास झाले, उरलेला टेबलावर ठेवला. रेल्वेच्या नोकरीत जन्मभर मिळेल त्या पेल्यानं पाणी प्यालेल्या माणसाला त्यात काय अवघड? पण आता पाळी होती त्यांच्या खोलीतल्या अनंतरावांची.

पाणी छातीत जाऊन थंडीत दोनदा न्यूमोनिया होऊन म्हातारा जाता जाता वाचला होता. तिसऱ्यांदा वाचणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. हा गेला तर रोज भांडायचं कोणाशी?

अनंतरावांनी लोटा उचलला, मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. दुसऱ्याच घोटाला असा ठसका लागला, की डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"गर्दन पीछे मत कीजिए, अंकल," देवश्री त्यांची पाठ चोळत म्हणाली. "पानी साँस की नली में जा रहा है. गिलास होंठ से लगाइए, ठुड्डी नीचे."

"दहा जणांच्या तोंडचा पेला? जन्मात लावला नाही. मेलो तरी चालन."

"मर मंग," भैय्यालाल म्हणाले. त्यांना खरंच राग आला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा.

पण ते 'ठुड्डी नीचे', हनुवटी खाली, त्यांच्या डोक्यातून जाईना. तसं पाणी पिणारा एक माणूस त्यांनी पाहिला होता. त्यांचा बाप. गावाकडे, दुसऱ्यांच्या विहिरीवर, वाकून, ओंजळ तोंडाशी धरून; वरून कोणीतरी लांबूनच ओतायचं. बापाला कधी ठसका लागला नाही. ते आठवलं की भैय्यालालांना लाज वाटायची, आणि ही लाज आपली नव्हे हे कळूनही वाटायची.

त्यांनी लोटा घेतला. "ओंजळ कर. वाक."

अनंतराव वाकले. भैय्यालालांनी लोटा उंच धरला नाही. अनंतरावांच्या बोटांना टेकवून बारीक धार सोडली. एक घोट, दोन, तीन. ठसका नाही. देवश्रीनं 'आ' म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ निघाला, घरघर नाही; पाणी पोटातच गेलं होतं.

"हे तुले कोणं शिकवलं?"

"कोणी नाही. माह्या बापाले असंच पाजत. लोट्याले हात लावू देत नव्हते."

अनंतराव आपल्या ओल्या हातांकडे पाहत राहिले.

"आमच्या विहिरीवर बी आम्ही असंच लांबून ओतत होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी टेबलावरचा भैय्यालालांचा अर्धा पेला ओढला, हनुवटी खाली घातली आणि पेला ओठांना लावला.

"हळू पी," भैय्यालाल म्हणाले. "घोट घोट पी."