एका दुर्बिणीत दोन फिल्टर

लोणावळ्याच्या बाजारात राजेंद्र पडवळचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या कपाटात एक दुर्बीण होती, आणि तिच्याबद्दल त्यानं फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. ताऱ्यांची नव्हे, सूर्य बघायची दुर्बीण. बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं ती घेतली. रविवारी दुकान बंद असायचं, घरात आई आणि तो दोघंच, आणि सकाळ काही केल्या संपायची नाही. मग वलवणच्या घरामागच्या अंगणात तिपाईवर ती पितळी रंगाची नळी लावून तो सूर्याच्या कडेला उठलेल्या ज्वाळा बघत बसायचा.

"डोळं जातील रं तुझं," भामाबाई ओट्यावरून म्हणायची. "मग चष्म्यं इकणार कसं?"

डोळे जाणार नव्हते. सूर्याचा सगळा प्रकाश अडवून लाल रंगाची एक अगदी बारीक फट तेवढी सोडणारं फिल्टर त्या नळीत बसवलेलं होतं. गेली ती दुर्बीणच. लोणावळ्याच्या दमट हवेनं एका पावसाळ्यात समोरच्या भिंगावर आतून बुरशीची जाळी धरली. दिवाळीनंतर राजेंद्रनं ती बाहेर काढली, तर सूर्याच्या जागी लाल धुकं. त्यानं तिला कपड्यात गुंडाळून दुकानातल्या कपाटात ठेवून दिलं.

त्याच थंडीत सारिका ओव्हाळ दुकानात आली. कामशेतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि कान्ह्याला भावाच्या कुटुंबाबरोबर राहायची. वय बेचाळीस-त्रेचाळीस. वडिलांचं आजारपण आणि धाकट्या संदेशचं शिक्षण यांत तिच्या लग्नाचा विषय आधी पुढे ढकलला गेला, मग निघेनासाच झाला. तिनं पर्समधून रुमालात बांधलेली एक छोटी काच काढून काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ह्यावर डाग पडलाय. पुसायला गेले तर ओरखडा उठेल, म्हणून हात लावला नाही."

राजेंद्रनं ती उजेडात धरली. "सूर्याच्या दुर्बिणीची आहे ना?"

सारिका बघतच राहिली. पुण्याच्या कुणाकडून तिनं ती दुर्बीण जुनी घेतली होती, मुलांना दाखवायला म्हणून. आजवर भेटलेल्या प्रत्येकाला ती काय असते ते पहिल्यापासून सांगावं लागलं होतं. राजेंद्र आत गेला आणि कपाटातलं गुंडाळं घेऊन आला. त्याच कंपनीची, तशीच. समोर एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी बसवून घ्यायला उभं होतं, ते तसंच उभं राहिलं.

काच त्यानं साफ करून दिली, आणि पुढच्या रविवारी ती आपली दुर्बीण घेऊन वलवणला आली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. पाळीपाळीनं दोघं बघायची. एक जण डोळा लावून सांगायचा, दुसरा ऐकायचा. मध्ये भामाबाईचा चहा यायचा. दुकानात, गल्लीत सगळे राजेंद्रला राजूभाऊ म्हणायचे. सारिकानं पहिल्या दिवशी काउंटरवर तेवढं एकदा "भाऊ" म्हटलं, त्यानंतर ती नुसतं "अहो, हे बघा" म्हणायची. ते राजेंद्रच्या लक्षात आलं नाही. भामाबाईच्या आलं.

एका रविवारी सारिका डोळा काढून म्हणाली, "कडेच्या ज्वाळा छान दिसतात. पण मधली थाळी अशी पुसट का? काहीतरी आहे तिथे, पण हाताला लागत नाही."

"एका फिल्टरनं शेजारचा उजेड पूर्ण अडत नाही," राजेंद्र म्हणाला. "थोडा गळतो, म्हणून पातळ ताकासारखं दिसतं. तसंच दुसरं फिल्टर त्याच्या पुढं बसवलं तर फट आणखी बारीक होते. बाहेरचे लोक बसवतात."

"आणि दुसरं आणायचं कुठून?"

राजेंद्रच्या दुर्बिणीचं भिंग गेलं होतं, पण मधलं फिल्टर धातूच्या बंद डबीत होतं. त्याला काही झालं नव्हतं.

"माझं काढतो," तो म्हणाला.

"अहो, पण मग तुमच्याकडे नुसतं नळकांडं उरेल. भिंग कधीतरी नवं मिळेल की."

"मिळेल तेव्हा मिळेल."

कान्हे फाट्यावरच्या सीतारामच्या लेथवर त्यांनी दोन्ही फिल्टर जोडायला आट्यांची एक कडी करून घेतली. पहिली सैल झाली, दुसरी बसली. डोळ्याजवळचं आणि समोरचं संरक्षक फिल्टर जागचं हलू द्यायचं नाही हे राजेंद्रनं स्वतःलाच दोन-तीनदा बजावलं. रविवारी अंगणात त्यानं जोडलेली नळी तिपाईवर चढवली आणि सारिकाला पुढं केलं.

"आधी तुम्ही, मॅडम."

ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोन सूर्य दिसतायत."

राजेंद्रनं डोळा लावला. खरंच, एक सूर्य आणि त्याच्यावर अर्धवट चढलेला दुसरा फिकट सूर्य. शिवाय सगळं इतकं अंधारलेलं, की असलेलंही दिसेना. तो खाली बसला. इतक्या दिवसांची खटपट, स्वतःची दुर्बीण मोडली आणि तिच्या चांगल्या दुर्बिणीचीही वाट लावली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सारिका विचार करत उभी होती. "दोन्ही काचा एकमेकींसमोर अगदी सरळ आहेत. समोरासमोरच्या आरशांसारखं होतंय, उजेड त्यांच्यातच मागेपुढे आपटतोय. एकीला जरा कलतं केलं तर?"

"कडीखाली काहीतरी घालावं लागेल. पातळ."

भामाबाईच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मची चिंचोळी पट्टी कापून राजेंद्रनं कडीखाली एका बाजूला सरकवली. सारिका डोळा लावून सांगत होती. "सरकला. अजून थोडं. अजून... गेला! गेला तो बाहेर!"

अंधाराचा उपाय भामाबाईनंच केला. दोघं डोळ्याभोवती हाताचे पंजे धरून धडपडताना बघून ती आतून काळं घोंगडं घेऊन आली आणि तिनं ते सारिकाच्या डोक्यावरून दुर्बिणीवर टाकलं. "आता दिसतंय का?"

घोंगड्याखाली सारिका फोकस जुळवत होती.

"मॅडम?" राजेंद्रनं विचारलं.

"अहो, लव आहे," आतून आवाज आला. "सगळ्या अंगावर लव आहे त्याच्या. मांजराच्या पाठीसारखी. आणि डागाभोवती ती अशी वळलीय, लहान मुलाच्या डोक्यावर भोवरा असतो ना, तशी. या, लवकर या."

तो घोंगड्यात वाकला. ती बाजूला झाली, पण बाहेर गेली नाही. त्यानं बघितलं. ताकासारखी पुसट थाळी नव्हतीच. लाल, जाड, जिवंत असं काहीतरी होतं, आणि त्यावर एक लांब काळा धागा आडवा पडलेला. इतकी वर्षं तो नुसत्या कडाच बघत आला होता. तो हसला, मोठ्यानं. ओट्यावर भामाबाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि तिकडं बघितलं.

निघताना त्यानं दुर्बीण पेटीत भरून तिच्या हातात दिली. "आता ही तुमच्याकडेच राहू दे. रोज सकाळी गच्चीवरून बघता येईल. इथवर ओझं आणायला नको."

त्याला वाटलं, आपण भलं केलं. तिला वाटलं, आता येऊ नका असं सांगितलं.

ती पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. राजेंद्र सकाळी अंगणात तिपाई लावायचा आणि रिकामीच परत आत न्यायचा. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. भामाबाईला बघवेना.

"जा की कान्ह्याला. लोकल कुटं बंद हाय?"

"काय म्हणून जाऊ, आई?"

त्याला जावं लागलं नाही. सारिकाच आली, आडवारी, दुकानात, शाळेच्या साडीतच. पेटी काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे तुमचं फिल्टर काढून घ्या."

"बिघडलं?"

"नाही. फार सुरेख दिसतं." तिनं पेटी त्याच्याकडे सरकवली. "काल कडेला एवढी मोठी ज्वाळा होती, अख्खी कमान. मी डोळा काढून 'अहो, हे बघा' म्हटलं, आणि गच्चीवर कुणी नव्हतं. मला एकटीला नको इतकं स्पष्ट."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. राजेंद्रनं पेटीवर हात ठेवला, उघडली मात्र नाही.

"काढायचं नाही," तो म्हणाला. "मी येऊ का कान्ह्याला? तुमच्या भावाशी बोलायला?"

सारिका खाली बघून म्हणाली, "संदेशशी मी बोलेन. तुमच्या आईशी तुम्ही बोला. आम्ही बौद्ध आहोत, हे त्यांना माहीत आहे ना?"

भामाबाईला माहीत होतं. तरी लग्नाचं ऐकल्यावर ती गप्प झाली. सारिका आवडणं वेगळं आणि भावकीला तोंड देणं वेगळं. पुतण्या महिपती घरी येऊन बरंच बोलून गेला. भामाबाईनं त्यालाही उत्तर दिलं नाही आणि राजेंद्रलाही नाही. ती देवळात जायची, परसात भाजीला पाणी घालायची, जेवायला वाढायची, बोलत तेवढी नव्हती. राजेंद्रनं घाई केली नाही. रविवारी सारिकाला मात्र त्यानं बोलावलं, नेहमीसारखं.

ती आली. भामाबाईला तिनं काहीच विचारलं नाही. दुर्बीण लावली, नीट केली, आणि ओट्यापाशी जाऊन हात पुढं केला. "मावशी, तुम्ही अजून एकदाही बघितलं नाही."

"मला म्हातारीला काय दिसतंय."

"मोतीबिंदू काढलाय ना तुमचा? माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. चला."

भामाबाई उठली. सारिकानं तिला स्टुलावर बसवलं, पाठीशी हात दिला, घोंगडं दोघींवर ओढलं. बराच वेळ आतून नुसतं "कुटं? हितं व्हय? न्हाई गं," ऐकू येत होतं. मग भामाबाईचा आवाज, एकदम बारीक झालेला.

"आगं बया. ह्यो रोज आपल्या डोक्यावर हाय?"

"रोज."

"आन ह्यो काळा धागा कसला?"

"ज्वाळाच आहे ती. समोरून बघताना काळी दिसते. कडेला गेली की लाल दिसेल."

भामाबाईनं तिला अजून काय काय विचारलं. राजेंद्र बाहेर उन्हात उभा राहून ऐकत होता. शेवटी घोंगडं बाजूला झालं. भामाबाईचे केस विस्कटले होते, सारिका ते नीट करत होती आणि भामाबाई करू देत होती.

"महिपतीला निरोप धाड," ती राजेंद्रला म्हणाली. "यायचं तर ये म्हनावं लग्नाला. न्हाई आला तर त्याची मर्जी. सा वर्सं ह्या घरात कोन हासलं न्हवतं. त्या दिशी तू हासलास, मी ऐकत हुते."

चैत्रात त्यांनी रजिस्टर लग्न केलं. संदेशनं कान्ह्याच्या बुद्धविहारात वंदना ठेवली, तिथं भामाबाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. महिपती आला नाही. त्याची बायको आली, मागं बसली आणि जेवून गेली.

दुसऱ्या दिवशी राजेंद्र आणि सारिका कार्ल्याला राजेंद्रच्या मामांच्या पाया पडून बसनं परत येत होते. सारिका खिडकीशी बसली होती. तिनं बाहेर बघत त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "एक सांगू? आता मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे की मला."

त्यानं ते मनात एकदा म्हणून बघितलं. मग तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरसमोरच मोठ्यानं म्हणाला, आणि दोघंही लाजली.