माझ्या पोटातले फोटो

मित्रांनो, हातमोजा घातलेल्या मुठीत सहज मावेल एवढा मी लहानसा कॅमेरा आहे. आता वय झालंय. कोपऱ्यांचा रंग उडालाय. कॅमेरा म्हणजे धीट, असं तुम्हाला वाटत असेल, कारण तो सगळ्यांकडे रोखून पाहतो. मी मात्र जन्माचा भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा एकदा माझ्याही मागे लागला होता. त्याचीच ही हकिगत.

दूरच्या एका कारखान्यात मला एक डोळा मिळाला, एक दिवा मिळाला, आणि फोटो ठेवायला दोन जागा मिळाल्या. पहिली जागा म्हणजे नखाएवढं कार्ड. ते बाहेर काढता येतं. दुसरी माझ्या पोटातच आहे. ती फारच लहान, थोड्याच फोटोंत भरून जाते, आणि आत कार्ड नसेल तेव्हाच मी ती वापरतो. एवढं एकच दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच राहून गेलं.

दुकान येमेनमधल्या सना शहराच्या बाजारात होतं. हुरिया आपली भाची इब्तिहाल हिला घेऊन आली. इब्तिहाल तिच्या भावाची, हमूदची मुलगी. सगळे एकाच उंच घरात राहत.

"फोनच घ्या की, मावशी," दुकानदार म्हणाला. "फोटो काढतो आणि लगेच पाठवतोही."

"म्हणूनच नको. बायकांच्या बैठकीत पाठवणाऱ्याचं काय काम?"

त्याने एक चकचकीत कॅमेरा पुढे केला. "हासुद्धा तारेबिरेशिवाय फोटो पाठवतो बरं का."

"म्हणजे हाही चुगलखोर. ठेव तिकडे."

तिसऱ्याला बटणंच नव्हती, नुसती काच. हुरियाच्या हातमोज्यातल्या बोटाला ती काच दाद देईना. "रस्त्यात दर फोटोला मी हातमोजे काढत बसू?" असं म्हणून तिने तोही परत सारला. चौथा चार्ज करावा लागायचा, आणि वीज तर मनात येईल तेव्हा यायची, मनात येईल तेव्हा जायची. उरलो मी. मला ठसठशीत बटणं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे दोन पेन्सिल सेल, आणि कुठेही काहीही पाठवण्याची अक्कल नाही.

"आत्या, साबणाची वडी दिसतो अगदी," इब्तिहालने नाक मुरडलं.

"साबणाची वडी चहाड्या करत नाही. हाच दे रे."

असा मी रोजच्या वापराचा झालो. गच्चीवरची वाळवण, तव्यावरची फुगलेली भाकरी, शेजारच्या घरातलं दात पडलेलं पोर, सगळं हुरिया माझ्यात टिपायची. तेव्हा मला साध्याच भीती होत्या, पडण्याची, धुळीची, उन्हाची. पण दुपारी बायकांच्या बैठका भरायच्या, आणि तिथे मला खरी भीती कळली.

बाळंतिणीला भेटायला किंवा नवरीला चिडवायला गल्लीतल्या बायका जमत. दाराशी सगळ्यांचे फोन एका शालीत बांधून ठेवत. मग बुरखे उतरत, केस सुटत, नाच सुरू होई. "हा एकडोळ्या पाहुणा तेवढा चालेल!" असं म्हणत त्या मला आत घेत. फोटो छापायचे ते बायकांनीच चालवलेल्या स्टुडिओत. माझ्यावर त्यांचा फार विश्वास होता, आणि विश्वासाचंच मला दडपण यायचं. यातला एक फोटो परक्याच्या हाती लागला तर कुणाचं ठरलेलं लग्न मोडेल, कुणाला माहेरी तोंड दाखवता येणार नाही. मी जीव मुठीत धरून हुरियाच्या पिशवीत बसायचो.

मग इब्तिहालचं लग्न ठरलं. लग्नाच्या आधी नवरीच्या हातांवर काळी नक्षी काढतात, त्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. इब्तिहाल मधोमध बसली होती. केस मोकळे, गळा उघडा, बोटांपासून कोपरापर्यंत बारीक वेली. हुरियाने मला उचललं आणि मी फोटो काढत गेलो. कार्ड स्टुडिओत छपाईला दिलेलं आहे, याची तिला आठवणच नव्हती. सगळे फोटो माझ्या पोटात गेले आणि पोट भरलं.

कार्ड परत आल्यावर तिने ते आत घातलं आणि नक्षीचे फोटो शोधू लागली. कार्ड आत असलं की मी कार्डावरचेच फोटो दाखवतो. पोटातले आहेत तिथेच राहतात.

"एकही नाही!" हुरियाने माझ्या पाठीत एक चापट मारली. "मेला आंधळा झाला का काय?"

इब्तिहाल हिरमुसली. "जाऊ दे, आत्या," ती म्हणाली. "लग्नातले येतील."

पण लग्नाच्या तोंडावर माझ्या डोळ्याची पापणीच अडकली. धूळ शिरली होती. स्टुडिओतल्या बायका दुरुस्ती करत नसत. ती पुरुषांच्या दुकानात.

हमूद मला न्यायला आला. जिना चढताना तो नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणत होता, "अल्लाह, अल्लाह!" तिथे प्रत्येक पुरुष जिन्यात असाच आवाज देतो. वर कुणी परकी बाई असेल तर तिला बाजूला व्हायला वेळ मिळतो. शेजारणी आतल्या खोलीत गेल्या. हुरियाने माझं कार्ड काढलं, खण पुन्हा उघडून पाहिला आणि कार्ड ओढणीच्या गाठीत बांधलं.

"घे. आता नुसतं डबडं आहे ते."

"नीट बघितलंस ना, ताई? पोरीचं लग्न आहे."

"अरे, मी काय वेडी आहे का?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड हवं होतं. ज्या मुलीसाठी तो एवढी काळजी करत होता, तीच माझ्या पोटात बसली होती. तिचा बाप तिला स्वतःच्या खिशात घालून बाजारात निघाला होता. खिशात अंधार होता आणि बाजाराचा गलका जवळ येत होता.

दुरुस्ती करणाऱ्याचं नाव मुर्शिद. हमूद मला त्याच्या टेबलावर ठेवून लग्नाचे बेदाणे आणि बदाम आणायला गेला. दुकानात नाजी नावाचा एक माणूस आपला फोन दुरुस्त व्हायची वाट पाहत बसला होता. गालात हिरव्या पानांचा गोळा, आणि नजर सगळ्यांच्या वस्तूंवर. मुर्शिदने फुंकर मारली, बारीक ब्रश फिरवला आणि माझी पापणी उघडली. मग पाहावं म्हणून त्याने मला चहाच्या किटलीकडे वळवून बटण दाबलं. माझ्या काचेवर अक्षरं आली, कार्ड नाही, जागा नाही.

"आँ?" नाजी सरकून जवळ आला. "कार्ड नाही आणि जागाही नाही? उस्ताद, मग पोटात काहीतरी आहे याच्या!"

"तुझं काम चाललंय. बस गप."

"दाब की ते बटण! मेंढ्यांचे फोटो असतील. नसले तर आणखी मजा." आणि त्याने खिशातून दुसरा फोन काढला, माझ्यातलं उतरवून घ्यायला.

मुर्शिदचा अंगठा फोटो दाखवायच्या बटणावर आला. दोन्ही सेल उडून पडावेत, डोळा पुन्हा अडकावा, टेबलावरून खाली पडून माझे तुकडे व्हावेत, काय काय मागितलं मी! काहीच झालं नाही. सेल नवेकोरे होते, हुरियाने सकाळीच घातलेले.

मुर्शिदच्या तोंडून जन्माच्या सवयीने शब्द निघाले, "अल्लाह, अल्लाह."

आणि त्याचा अंगठा थांबला.

"काय झालं?" नाजी म्हणाला.

"जिन्यात आवाज दिला की बाई बाजूला होते," मुर्शिद हळू बोलला. "यात कुणी असेल, तर ती बिचारी कुठे जाईल?"

"मग मालक आला की सांग त्याला. घरी जाऊन बघेल तो."

"काय सांगू? आत काहीतरी आहे म्हणून? तो विचारेल, तुला कसं कळलं? मी शंभर शपथा घेतल्या तरी मरेपर्यंत त्याच्या मनात राहील की या माणसाने पाहिलं. ज्या बाईबद्दल तसं वाटेल, तिचे किती हाल होतील बघ."

नाजीकडे पाठ करून त्याने मला छातीशी धरलं. एकही फोटो न उघडता तो माझ्या आतल्या सूचनांची यादी चाळत गेला, आणि मग मी माझ्या काचेवरचा प्रश्न पाहिला, सगळं पुसायचं का?

तेव्हा मला उलटीच भीती वाटली. थांब बाबा! जगात हे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत. तिला अजून त्यांचा पत्ताही नाही. एकदा, फक्त एकदा तिला पाहू दे. पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

काही दुखलं नाही. नुसतं रिकामं वाटलं.

हमूद आला तेव्हा मुर्शिदने त्याला किटलीचा नवा फोटो दाखवला. "धूळ होती. झाकून ठेवत जा," एवढंच तो बोलला. नाजी खाली मान घालून पानं चघळत राहिला. परतीच्या वाटेवर खिशात मी पहिल्यांदाच निर्धास्त होतो, आणि मला रडू येत होतं.

लग्न थाटात झालं. पण माझी भीती गेली नाही. अजूनही कुणी मला परक्या हातात देऊ लागलं की मी आतून कापतो. म्हणून सांगतो, मित्रांनो, धुळीपासून तर आम्हाला जपाच, पण नुसतं कार्ड काढलं म्हणजे आम्ही रिकामे झालो असं समजू नका. आमच्या पोटातही एकदा पाहा. दर वेळी मुर्शिद भेटेलच असं नाही.

इब्तिहाल आता माहेरपणाला येते तेव्हा लेकीला मांडीवर घेऊन लग्नाचे फोटो दाखवते. शेवटी दर वेळी माझ्याकडे बोट करते. "नक्षीच्या दिवसाचे तेवढे आलेच नाहीत बघ. मेला आंधळा झाला होता."

आले होते गं, पोरी. एकात तर तू एवढी हसली होतीस की डोळे मिटले होते, आणि कपाळावरचे केस नक्षीला लागू नयेत म्हणून आत्या ते मागे सारत होती. फार सुंदर आले होते.