पट्टीखालच्या सदतीस ओळी

“काय पट्टीबाई, आज कुणाकुणाला गायब केलंत?”

टपालाचा गठ्ठा टेबलावर आपटत जावक क्लार्कने विचारलं. विनोद रोजचाच होता. बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या डाव्या हातात पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी होती, उजव्या तर्जनीवर डिंक होता आणि समोर रसायनशास्त्राच्या कुणा मॅडमचा अर्ज होता. मॅडमच्या मार्गदर्शकांच्या नावावर एक पट्टी बसली, मॅडमना मिळालेल्या पदकावर एक बसली, आणि “माझे पती, जे याच विद्यापीठात कुलसचिव होते” या वाक्यावर तर बाईंनी दोन बसवल्या.

“आपलं नाव कुठे कुठे लपवून ठेवतील ही माणसं, नेम नाही,” त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांना आपला विषय अधिक चांगला शिकवता यावा म्हणून विद्यापीठ दरवर्षी अनुदान देत असे. अर्ज परीक्षकांकडे जात ते निनावी. लिहिणारा कोण हे ओळखू येईल असा एक शब्दही त्यात राहता कामा नये, असा नियम होता. पूर्वी बाई असे शब्द काळ्या शाईने खोडत. मग एका परीक्षकाने कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून शाईखालचं नाव वाचलं. ते परीक्षकांच्याच जावयाचं निघालं. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. रीतसर चौकशी झाली. जावयाचं अनुदान त्याच्याकडेच राहिलं, सासऱ्यांचं काही बिघडलं नाही, आणि मेमो मिळाला तो बाईंना, शाई पातळ वापरल्याबद्दल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आमच्या कार्यालयांचा हात कुणी धरणार नाही. तेव्हापासून बाईंनी पट्टी धरली. अर्जाच्या प्रतीवर पट्ट्या चिकटवायच्या, त्या प्रतीच्या तीन झेरॉक्स काढून तीन परीक्षकांना पाठवायच्या, आणि पट्ट्यांची मूळ प्रत फायलीत ठेवायची. सात वर्षांत एकही नाव त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेली ही बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

मॅडमचा अर्ज बाजूला ठेवून त्यांनी खालचा उचलला. विषय भूगोल, पहिलं वर्ष, नकाशावाचन.

बाईंना शाळेत भूगोलाने दोनदा नापास केलं होतं. नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, त्यांना कधीच कळल्या नव्हत्या. त्यामुळे नाव शोधण्यापुरतंच वाचायचं असं ठरवून त्यांनी पान उलटलं, आणि डिंक बोटावरच वाळला.

“गेल्या तीन वर्षांत माझी नजर हळूहळू गेली,” असं पहिलंच वाक्य होतं. “आता मला काहीच दिसत नाही. एकदा मी फळ्यावर डोंगर काढला आणि मुलं हसली. मी एका रेषेवरून दुसरी रेषा नेली होती. समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत हे मीच त्यांना आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. घरी जाऊन मी पुठ्ठ्याचे थर कापले, लहानावर लहान असे एकमेकांवर चिकटवले आणि तो डोंगर वर्गात नेला. मुलांना म्हटलं, डोळे मिटा आणि बोटांनी चढा. वर्षभर एक शब्द न बोललेली मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, पाणी इकडून वाहील. मी सत्तावीस वर्षं डोळ्यांनी शिकवलं. हे मला डोळे गेल्यावर सुचलं. असे बारा नकाशे पक्क्या लाकडात करून मिळाले, तर मला हा विषय शिकवत राहता येईल आणि डोळस मुलांनाही तो नीट कळेल. न मिळाल्यास या सत्रानंतर विभाग हा विषय माझ्याकडून काढून घेणार आहे.”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावर बोट फिरवलं. म्हणजे प्रत्येक रेष ही एक पायरी होती! चाळीस वर्षांनी त्यांना डोंगर कळला.

मग त्यांनी डोळे उघडले. सगळ्या विद्यापीठात नजर गेलेले प्राध्यापक एकच होते.

त्या अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. ते नियमाला घाबरत, आणि ती भीती मोकळेपणाने सांगतही.

“बाई, ‘मला दिसत नाही’ हे वाक्य ठेवणं म्हणजे नावच ठेवणं.”

“पण साहेब, ते काढलं तर अर्जात उरतं काय?”

“ते बघायला परीक्षक आहेत. आपण कशाला बघायचं?”

“सरांना नुसतं कळवू का? दुसऱ्या पद्धतीने लिहून द्या म्हणून?”

“मुदत संपली. आता अर्जदाराशी एक शब्द बोललात तर मागच्या मेमोवर दुसरा चढेल. आणि त्यांना गुण दिले, तर उरलेले पन्नास जण म्हणतील, दया दाखवली. कोर्टात गेले तर उभं कोण राहणार, तुम्ही की मी?” साहेबांनी अर्ज परत बाईंच्या हातात दिला. “मलाही वाईट वाटतं हो. पण काय करता?”

बाई जागेवर आल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर त्यांनी अर्जावरचा नंबर फिरवला. फोन सरांच्या बायकोने उचलला.

“ते वर्गावर गेलेत. काही निरोप देऊ का?”

बाईंनी तोंड उघडलं. सेवानिवृत्तीला चार वर्षं होती.

“नाही, नाही. चुकून लागला,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारभर त्यांनी पट्ट्या चिकटवल्या. नजर गेली, त्यावर पट्टी. मुलं हसली, पट्टी. का हसली, हे झाकायचं तर हसणंही झाकावं लागतं. पुठ्ठ्याचा डोंगर सगळ्या विभागाला माहीत होता, त्यावर पट्टी. मागच्या बाकावरची मुलगी ठेवता येईल का, म्हणून त्यांनी ते वाक्य चारदा वाचलं. पण डोंगरच गेल्यावर ती मुलगी कशाबद्दल बोलते हे कुणाला कळणार होतं? तीही गेली. एकूण सदतीस ओळी झाकल्या गेल्या. उरलं ते इतकंच: लाकडाचे बारा नकाशे हवेत, एवढा खर्च येईल, आपला विश्वासू.

संध्याकाळी घरी भाजी चिरता चिरता त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायला होता, आणि कुठल्या गल्लीला पाणी सोडायचं हे वरून ठरतं, आपण फक्त चावी फिरवायची, हे तत्त्वज्ञान त्याने नोकरीच्या पहिल्याच दिवशी अंगी बाणवलं होतं.

“पट्टी तू नसती लावलीस, तर दुसऱ्या कुणी लावली असती,” तो म्हणाला.

“हो. पण लावली मी.”

“अगं मेले, पण फोनवर सांगून टाकायचं होतंस ना!” आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. “सांगायला काय पैसे पडतात?”

“नोकरी पडते, आई,” बाई म्हणाल्या आणि भाजीत दोनदा मीठ घातलं. जेवताना तिघांनीही भाजी ताटाच्या कडेला सारली.

सहा आठवड्यांनी यादी लागली. रसायनशास्त्राच्या मॅडम पहिल्या आल्या होत्या. नकाशावाचन यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भूगोलाचे सर एकटेच आले. एका हातात काठी होती आणि दुसरा हात भिंतीवरून सरकत होता. दारं मोजत मोजत ते बरोबर बाईंच्या दाराशी थांबले.

“अध्यापन अनुदान इथेच ना? या इमारतीचा नकाशा मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून काढून घेतो. तुमचा कक्ष कायम चुकतो त्यांचा. जिन्याच्या उजवीकडे दाखवतात.”

बाईंनी उठून खुर्ची दिली. सर बसले. काठी त्यांनी गुडघ्यांमध्ये उभी धरली. शर्टाची इस्त्री कडक होती आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

“नामंजूर झाला ते कळलं,” ते म्हणाले. “त्याचं काही नाही. परीक्षकांनी काय म्हटलंय, तेवढं वाचून दाखवाल? कुठे कमी पडलो ते कळलं, तर पुढच्या वेळी सुधारता येईल.”

हा त्यांचा हक्क होता. बाईंनी फाईल काढली आणि अभिप्रायाचा कागद डोळ्यांसमोर धरला.

“‘छापील नकाशे स्वस्तात मिळत असताना लाकडी नकाशांचा आग्रह अनाकलनीय आहे. या साहित्याची गरज का आहे, हे अर्जदाराने कुठेही स्पष्ट केलेलं नाही.’”

“कुठेही?” सर पुढे झुकले. “अहो, पहिलं पानभर दुसरं काय लिहिलंय मी? बायकोला सांगून तीनदा लिहून घेतलं ते. जरा वाचा बघू माझं पहिलं पान.”

बाईंच्या हाताखाली पट्ट्यांची प्रत होती. पट्टीखालचं सगळं त्यांना पाठ होतं. ते धडाधड म्हणून दाखवलं असतं, तर सरांना कधीच काही कळलं नसतं. एकदा त्यांनी तोंड उघडलंही. पण या माणसाला आणखी एकदा फसवणं त्यांच्याने होईना.

“सर, पहिल्या पानावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यावर पट्ट्या आहेत.”

“कसल्या पट्ट्या?”

त्यांनी सांगितलं. नियम सांगितला, शाई सांगितली, साहेब सांगितले. फोनचंही सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज इतका खाली गेला की, जावक क्लार्कने आपलं शिक्के मारणं थांबवलं.

सरांनी हात पुढे केला. बाईंनी पान त्यांच्या हाताखाली सरकवलं. त्यांचं बोट वरच्या कडेपासून निघालं आणि एकेका पट्टीच्या कडेवर चढत, उतरत, पुन्हा चढत खाली गेलं. कुठेही घाई नव्हती. शिकवणारा माणूस उत्तरपत्रिका तपासतो तसं ते बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

“म्हणजे त्यांनी हे वाचलंच नाही,” सर म्हणाले. “सहा आठवडे मी समजत होतो, वाचून विचार करतायत. काल बायकोला म्हटलं, वाचूनही नाही म्हणाले असतील, तर माझंच काही चुकलं असेल.”

“तुमचं काही चुकलं नाही, सर.”

“मग हे कुणाला सांगायचं?”

“तक्रारीचा अर्ज करता येतो. समितीकडे.”

“त्यात तरी लिहिता येईल ना, मला दिसत नाही म्हणून?”

उत्तर जावक क्लार्कनेच दिलं, “तोही निनावीच जातो, सर.”

“आणि पट्ट्या कोण लावतं?”

“मीच,” बाई म्हणाल्या.

सर हसले. हसू मोठं होतं, पण लवकर संपलं. मग काठीची मूठ चोळत ते सांगू लागले. पुढच्या सत्रापासून नकाशावाचन विभागात नव्याने आलेल्या एका सरांकडे जाणार होतं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आठवड्यातून एक तास येणार होता, लोकसंख्येवरच्या व्याख्यानाचा, ज्याला फळा लागत नाही. हे त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि ते उठले.

“येतो मी. काही सही वगैरे लागते का?”

लागत होती. निकाल कळवल्याची नोंद रजिस्टरमध्ये झाल्याशिवाय बाईंना फाईल बंद करता येत नव्हती. त्यांनी रजिस्टर उघडून पुढे ठेवलं.

“वर काय छापलंय?” सरांनी विचारलं. “मी न वाचता सही करत नाही.”

“‘निकाल व अभिप्राय समजले,’” बाईंनी वाचलं. “‘माझी काही तक्रार नाही.’”

“यावर एखादी पट्टी लावता येईल का, बाई?”

तयार पट्ट्यांचा गठ्ठा हाताशीच होता. बाईंचा हात तिकडे गेला. केबिनच्या काचेतून साहेब पाहत होते. रजिस्टर दर शनिवारी त्यांच्याकडे तपासणीला जात असे, आणि त्यातल्या छापील मजकुरावर काहीही चिकटवणं हा गुन्हा होता. हात परत आला.

“नाही, सर.”

“बरं,” सर म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये राग असता, तर बाईंना सोपं गेलं असतं. सरांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि टोपण उघडलं. बाईंनी त्यांचं बोट धरून रेघेच्या सुरुवातीला टेकवलं. ते बोट गार होतं. त्या बोटाच्या आधाराने सरांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

“ओळीवरच आली ना?” त्यांनी विचारलं.

“हो, सर,” बाई म्हणाल्या. “अगदी ओळीवर.”