दोर बांधला जाईपर्यंत

आमच्या स्कॉटिश बंदरावरच्या लहानशा रुग्णालयात, समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत, वृद्ध डोड मेअर उशीला टेकून बसले होते. पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग आणि निम्मी वाणी हिरावून घेतली होती. वाचेच्या व्याधींवर उपचार करणाऱ्या, दक्षिणेकडून आलेल्या मिस हार्ग्रीव्ह त्यांना एकेक चित्र दाखवून नाव विचारीत होत्या. वाणी पुरेशी शाबूत आहे असे त्यांना आज पटले, तरच डोड स्वगृही परतणार होते. अन्यथा समुद्र दृष्टीसही पडणार नाही अशा आतल्या प्रदेशातील वृद्धाश्रमात त्यांची रवानगी ठरलेली होती.

त्यांची कन्या एल्स्पेट पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पण तिचे निम्मे चित्त खिडकीबाहेर होते. दाट धुके पसरले होते, आणि तिचा भाऊ अँड्रा मासेमारीहून अद्याप परतला नव्हता.

खेकड्याचे चित्र पाहून डोड म्हणाले, “पार्टन.” बेडकाला त्यांनी पडक म्हटले, घुबडाला हूलेट. बाईंची लेखणी दर वेळी थबके, कारण त्यांच्याजवळच्या इंग्रजी नावांशी यांतले एकही जुळत नव्हते. ही आमच्या स्कॉट्स भाषेतली नावे आहेत, वडिलांनी घरात दुसरी भाषा कधी बोललीच नाही, असे एल्स्पेटने हळूच सांगितले. बाई सज्जन होत्या. त्यांनी सारी उत्तरे बरोबर धरली.

मग डुकराचे चित्र आले.

डोडांचे ओठ हलले आणि मिटले. घरचे कोणी समुद्रावर असताना या प्राण्याचे नाव घ्यायचे नाही, हा आम्हा कोळ्यांचा पूर्वापार नेम. अडले तर टोपणनाव वापरावे. चुकून खरे नाव निघालेच, तर तत्क्षणी थंड लोखंडाला हात लावावा. पित्याच्या डोळ्यांतली तगमग एल्स्पेटने ओळखली. व्याधीने टोपणनाव पुसून टाकले होते; जिभेवर उरले होते ते नेमके निषिद्ध नाव.

बाई नावाचे पहिले अक्षर सुचवू लागताच डोडांनी धडधाकट डावा हात उगारून त्यांना थांबविले आणि पलंगाची लोखंडी कड घट्ट धरली. बाईंचा चेहरा गंभीर झाला. एल्स्पेटने घाईघाईने तो नेम समजावून सांगितला. बाईंनी सारे ऐकून घेतले. परंतु नाव डोडांच्याच मुखातून यायला हवे, असे त्या म्हणाल्या.

“अँड्राची होडी बंदराला लागेपर्यंत थांबा ना, बाई.”

“आणि ती आज आलीच नाही तर?”

बाईंना आपलाच प्रश्न जड गेला असावा. त्यांनी लेखणी खाली ठेवली. तिघेही धुक्याकडे पाहत राहिली.

बऱ्याच वेळाने यंत्राची धडधड ऐकू आली. मग अँड्राच्या होडीचे निळे टोक दिसले. धक्क्यावर कोणीतरी दोर झेलला. तरीही डोड बोलले नाहीत. दोराचा वेढा खुंटाभोवती आवळला गेला, अँड्राने धक्क्यावर पाऊल ठेवले, तेव्हा कुठे त्यांनी ते चित्र स्वतःकडे ओढले.

“सू,” डुकराचे ते निषिद्ध नाव ते सावकाश म्हणाले. “लठ्ठ सू. लिही आता, पोरी. मघापासून जिभेवर लोळत बसली होती मेली.”

बाई हसल्या आणि लिहू लागल्या. एल्स्पेटला मात्र हसता येईना. पलंगाच्या पायथ्याचा लोखंडी दांडा बाईंच्या त्या प्रश्नापासून तिच्याही मुठीत होता, आणि बोटे काही केल्या सुटत नव्हती.