थर्मासमधला पाहुणा

माझी भाची काहुरांगी हॅमिल्टनच्या विद्यापीठात शिकते. आमच्या मक्याच्या झऱ्यातलं पाणी तिने तिकडे नेलं, तेव्हा तिच्या मावशीने, म्हणजे माझ्या बहिणीने मेरेआनाने, एकच अट घातली होती. "जे नेतेस ते जिवंत परत आण. मग पुढचं बघू." त्या 'पुढच्या'त पोरीची अख्खी डॉक्टरेट अडकली होती. गावात मेरेआना हो म्हणाल्याशिवाय झऱ्याला कोणी हात लावत नाही.

या झऱ्यात आम्ही कणसं उकडतो. बोट घातलं तर बोटही शिजेल. अशा पाण्यात कोणीतरी सुखाने नांदतंय असं पोरीने सांगितलं, तेव्हा हसून हसून आमची पोटं दुखली होती. आणि आज ती त्या 'कोणीतरी'ला थर्मासात घालून घरी आणणार होती.

आमच्या सभेच्या अंगणात येणारा घरचा असेल तर सरळ स्वयंपाकघराच्या दाराने आत येतो आणि त्याच्या हातात भाजी चिरायची सुरी पडते. पाहुणा असेल तर आधी बायकांची हाक, मग भाषणं, गाणी, नाकाला नाक लावून भेट, आणि शेवटी जेवण. थर्मास यातला कोण, यावर सकाळी जोरदार वाद झाला.

"जंतूच ना ते?" मी म्हणालो. "जंतू घरचे कधीपासून झाले? पाहुण्यांच्या बाकावर बसवा."

"बसवा," मेरेआना म्हणाली. "पण ताणू नकोस, पिटा. जेवणापर्यंतच गरम राहील म्हणालीय ती. गार झालं की मेलं."

"मी कधी ताणतो?"

ती रताळी सोलायला निघून गेली. बहिणी अशाच असतात.

काहुरांगी तिच्या प्रोफेसरांबरोबर आली, म्हणून तीही पाहुण्यांत बसली. मध्ये थर्मास. कोणीतरी त्याच्यावर शालसुद्धा पांघरली होती. झाकणातून तापमापकाची तार बाहेर आली होती आणि पोरीचे डोळे तिथून हलत नव्हते.

मी स्वागताचं छोटंसं भाषण केलं. लोक छोटंसं म्हणणार नाहीत, पण लोकांचं काय. मग प्रोफेसर ॲलिस्टर उठले आणि थर्मासाची वंशावळ सांगू लागले.

"जिवांची दोन फार जुनी घराणी. एक बॅक्टेरियांचं, दुसरं आर्कियांचं. हा दुसऱ्यातला. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, म्हणून आम्ही शिकलेल्यांनी कित्येक वर्षं यांना बॅक्टेरियांच्या घरात कोंबलं. आत डोकावलो तेव्हा कळलं, यांची बरीच आतली कामं तुमच्या-माझ्या पेशींसारखी चालतात. गवत, मासे, माणसं, सगळ्यांची मूळ आजी आर्कियांच्याच घरातली होती, असं आता दिसतंय. तिने एका बॅक्टेरियाला पोटात ठेवून घेतलं आणि त्यातून आपला वंश वाढला. शिवाय यांच्यातल्या कोणी माणसाला आजारी पाडल्याचं अजून तरी ऐकिवात नाही."

"मग आपल्या नातेवाइकांपेक्षा बरे," मागून मेरेआना पुटपुटली.

शेवटचा शब्द घरच्यांचा असतो, म्हणून मी पुन्हा उठलो. मला भलताच चेव आला होता. अशा वंशावळीला साजेसं उत्तर नको द्यायला? आमचे पूर्वज होडीतून आले तिथपासून सुरुवात केली. होडी किनाऱ्याला लावली, डोंगर चढलो, एकेक आजा सवडीने घेत गेलो. काहुरांगीचा चेहरा पांढरा पडला होता, मुठी आवळलेल्या. पोरगी माझ्या बोलण्याने किती हेलावली आहे, असं वाटून मला भरून आलं. मी आणखी दोन आजे वाढवले.

आमच्यात पुरुष भाषण करत असताना बाई मध्ये बोलत नाही. पण तिने गाणं सुरू केलं की भाषण तिथेच संपतं. मेरेआना उठली आणि खणखणीत आवाजात माझंच आवडतं गाणं सुरू केलं. सगळे उभे राहून गाऊ लागले. मीही गायलो, करतो काय? पणजोबा तोंडातच राहिले.

गाणं संपताच ती तरातरा अंगण ओलांडून पलीकडे गेली.

"घरच्या माणसाला बाकावर बसवून भाषणं ऐकवतोस? लाज नाही वाटत, पिटा?"

तिने शालीसकट थर्मास उचलला आणि स्वयंपाकघरातून, पातेल्यांच्या मधून, झऱ्याकडे पळाली. मागे काहुरांगी, मागे प्रोफेसर, मागे काठी टेकत मी, आणि माझ्यामागे हसून लोळणारं अख्खं गाव.

काहुरांगीने काठावर आकडा पाहिला. "गरम आहे अजून, मावशी. थोडक्यात वाचलं."

पाणी पाण्यात गेलं. नाकाला नाक लावायचं राहिलं म्हणून मी वाफेत वाकलो. नाक अजून लाल आहे.

"मावशी," काहुरांगी चाचरत म्हणाली, "मग पुढचं? सभेत विचारू का?"

"सभेत पाहुणे विचारतात." मेरेआनाने तिच्या खांद्यावर भांडी पुसायचा टॉवेल टाकला. "तू पातेली घास. मग हवं तेवढं पाणी ने."

काहुरांगीने टॉवेलात तोंड लपवलं आणि हसत हसत रडली. माझेही डोळे भरले. वाफेने नव्हे.

"आणि मी कुठे जाऊ?" प्रोफेसरांनी विचारलं.

"तुम्ही पाहुणे," मेरेआना म्हणाली. "बाकावर बसा. पिटाचं भाषण अर्धं राहिलंय."