राखतोय की राखूया

तिसा नदीला त्या मार्चमध्ये पूर आला तेव्हा मी तालुक्याच्या पूरनियंत्रण कचेरीत टेलिफोनवर होते. वय सव्वीस, नोकरीला चार वर्षं झालेली. नदीच्या बांधावर ठरावीक अंतरावर एकेक चौकी होती आणि प्रत्येक चौकीत एक बांधराखा. पाणी चढायला लागलं की बांधराखे दर तासाला फोन करायचे. मी ऐकायची, नोंदवहीत लिहायची. आमचे इंजिनिअर सालोन्ताई ती वही वाचून ठरवायचे, की माणसं आणि वाळूची पोती कुठे पाठवायची.

सालोन्ताई साहेब राजधानीतले, बुडापेस्टचे. माणूस वाईट नव्हता, पण बांधराख्यांशी फोनवर बोलायचं टाळायचा. मला म्हणायचा, तुम्ही इकडच्या आहात, तुम्हाला त्यांचं कळतं, मला नीट भाषेत लिहून द्या. मी नीट भाषेत लिहून द्यायची. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

मी होमोकरेव्हची. आमच्या गावच्या बोलण्याची एक खोड आहे. शहरातला माणूस 'आम्ही बांध राखतोय' असं सांगताना म्हणतो 'टॉर्त्युक'. आणि 'चला, बांध राखूया' असं म्हणायचं असेल तर 'टॉर्चुक'. आमच्याकडे दोन्हीला 'टॉर्चुक'च. सांगायचं असो की हाक द्यायची असो, शब्द एक. समोरचा आवाजावरून ओळखतो, तोंडाकडे बघून ओळखतो, नाहीतर चूल पेटली आहे की अजून पेटवायची आहे ते बघून ओळखतो. शहरातले लोक आमच्या क्रियापदांच्या शेवटच्या 'शुक', 'शूक' आवाजावरून आम्हाला 'शुकशूकवाले' म्हणतात. अडाण्याची सगळ्यात मोठी खूण म्हणजे ही.

शाळेत हेडविग बाई होत्या. त्यांनी भिंतीवर पाच रंगांचे पाच पुठ्ठे लावले होते: विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार, इच्छा. आम्ही बोललो की त्या छडीने पुठ्ठा दाखवायच्या. मी एकदा म्हणाले, 'बाई, आम्ही खिडकी उघडूया', म्हणजे उघडतोय असं मला म्हणायचं होतं. बाई आज्ञेच्या पुठ्ठ्यावर छडी आपटून म्हणाल्या, "मग उघडा ना. मला कशाला विचारता?" सगळा वर्ग हसला. तो वर्गही घरी गेल्यावर तसंच बोलायचा. मी मात्र त्या दिवसानंतर घरीही बोलणं सोडलं. आई म्हणायची, पोरगी जेवणाच्या टेबलावर पाहुण्यासारखी बोलते.

होमोकरेव्हचा बांधराखा आंब्रुशकाका. सख्खा काका नव्हे, शेजारचा. माझे वडील गेल्यावर आमच्या घराचं छप्पर दोनदा त्यानेच दुरुस्त केलं. चार वर्षं तो फोनवर तसंच बोलायचा आणि चार वर्षं मी ते सरळ करून लिहायची. 'पाणी बघूया' म्हणाला की मी 'पाणी बघतोय' लिहायची. 'पोती वाटूया' म्हणाला की 'पोती वाटतोय'. कधी काही बिघडलं नाही.

पुराच्या चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता कचेरीत दोन फोन एकदम वाजत होते. सकाळपासून मी फक्त चरबी लावलेला एक पावाचा तुकडा खाल्ला होता. खालच्या अंगाला केन्देरहात गावापाशी बांधाच्या मागच्या बाजूने पाणी बुडबुडत वर यायला लागलं होतं. सालोन्ताई साहेब एका फोनवर जिल्ह्याशी ओरडून बोलत होते. सैनिकांच्या सहा गाड्या पोती भरून चौकात उभ्या होत्या आणि साहेबांना ठरवायचं होतं, खाली पाठवायच्या की वर होमोकरेव्हकडे.

माझ्या फोनवर आंब्रुशकाका आला. तारेत खरखर होती. त्याने पाण्याची उंची सांगितली, मग म्हणाला, "टॉर्चुक." मग थांबला. मी वाट पाहिली. एरवी तो अजून काहीतरी बोलायचा, जेवलीस का, आईला निरोप आहे का. त्या दिवशी नुसता श्वास ऐकू आला, आणि लाइन तुटली.

मी लिहिलं: 'दोन वाजून दहा मिनिटं. होमोकरेव्ह. बांध राखतोय.'

साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "राखतायत ना? मग झालं." सहाच्या सहा गाड्या केन्देरहातला गेल्या.

पावणेपाचला होमोकरेव्हचा बांध फुटला. माणूस एकही गेला नाही. आंब्रुशकाकाने पाणी यायच्या आत घरोघर जाऊन खालची आळी रिकामी केली होती. पण कच्च्या विटांची अकरा घरं पाण्यात विरघळली. त्यात आमचं होतं. आईला तालुक्याच्या शाळेतल्या व्यायामशाळेत आणलं, तेव्हा तिच्या हातात एक पिंजरा होता, त्यात तीन कोंबड्या, आणि पायात दोन वेगवेगळे बूट.

तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती घराची नव्हे. म्हणाली, आंब्रुश दुपारभर वाट बघत होता. गाड्या येतील म्हणून बांधावर उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

मी विचारलं, कुठल्या गाड्या?

"त्याने मागितल्या ना तुझ्याकडे," आई म्हणाली.

त्यानंतरचे नऊ दिवस मला एका जागी बसवेना. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून टेबलापर्यंत. वही माझ्याच ताब्यात होती. दिवसातून वीस वेळा ते पान उघडायची आणि वाचायची, जणू अक्षरं आपोआप बदलतील. काय म्हणाला होता तो? शब्द मला पक्का आठवत होता. अर्थ मी घातला होता. आवाज आठवायला गेलं की प्रत्येक वेळी वेगळा ऐकू यायचा. कधी दमलेला, नुसतं सांगणारा. कधी हाक मारणारा. चालता चालता मी तो शब्द स्वतःशीच दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघायची. कचेरीतल्या लोकांना वाटलं, घर गेल्यामुळे माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

हेडविग बाईंनी संकेतार्थ शिकवला होता तोही आता पाठ सोडीना. घडून गेलेल्या क्रियापदाच्या शेवटी एक छोटा शब्द जोडायचा, की घडलेलं न घडलेलं होतं. लिहिलं: लिहिलं असतं. विचारलं: विचारलं असतं. 'काका, सांगताय की बोलावताय?' एवढंच विचारलं असतं. तारेत खरखर होती, तरी दोन शब्द गेले असते.

जिल्ह्यातून चौकशी समिती आली. तिघं जण, अध्यक्ष म्हणजे जाड चष्म्याचे एक शांत गृहस्थ. माझी वही टेबलावर होती. वहीप्रमाणे प्रकरण सरळ होतं: दोन वाजून दहा मिनिटांनी बांधराख्याने सगळं ठीक असल्याचं कळवलं, पावणेपाचला बांध फुटला. म्हणजे एकतर त्याला धोका दिसला नाही, किंवा त्याने तो लपवला. दोन्हीत त्याची नोकरी जाणार होती, निवृत्तीला दोन वर्षं असताना. तोवर त्याला कामावरून दूर ठेवलं होतंच.

आंब्रुशकाका कोट घालून आला होता, लग्नाचा. त्याला विचारलं, तुम्ही काय कळवलंत? तो म्हणाला, टॉर्चुक. अध्यक्षांनी वही पाहिली, म्हणाले, इथे 'राखतोय' आहे. काका म्हणाला, मी जे म्हणालो ते म्हणालो. टंकलेखन करणाऱ्या मुलीने आवाज न करता हसू दाबलं. मला ते दिसलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. वर्गातली ती दुपार आणि ही दुपार मला वेगळी वाटेना.

कुणी मला विचारलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. वही बोलत होती आणि वही शुद्ध होती. मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"नोंद माझी आहे," मी म्हणाले. "त्यांनी 'राखूया' म्हटलं. मी 'राखतोय' केलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. का, असं विचारलं. मी सांगितलं की आमच्या गावी दोन्हीला एकच शब्द आहे, आणि मी चार वर्षं तो दुरुस्त करत आले आहे. सालोन्ताई साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यांच्या हातातली कंदिलाची काच मी फोडली. ते म्हणाले, मला तो शब्द जसाच्या तसा मिळाला असता तर मी निदान दोन गाड्या वर पाठवल्या असत्या. मग थोडं थांबून म्हणाले, कदाचित. केन्देरहातला चारशे घरं होती.

अध्यक्ष काकाकडे वळले. त्या दिवशी तुमच्या मनात नेमकं काय होतं, असं त्यांनी विचारलं. सांगणं की मागणं?

आंब्रुशकाका बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला. मला वाटलं आता तो 'मागणं' म्हणेल आणि सुटेल. त्याला ते म्हणायचा हक्क होता.

"साहेब, आम्ही सात जण होतो," तो म्हणाला. "सात जण राखत होतो. आणि सात जणांना राखता येत नव्हतं. मग आता ते सांगणं झालं की मागणं, ते तुम्हीच ठरवा. आमच्याकडे असं वेगळं करून बोलत नाहीत."

टंकलेखन करणाऱ्या मुलीने विचारलं, हे कसं लिहू? अध्यक्ष म्हणाले, जसं बोलले तसं लिहा.

बाहेर आवारात मी काकाला गाठलं. माफी मागायची होती. आधी तोच बोलला, आणि गाड्यांबद्दल बोलला नाही.

"चार वर्षं, पोरी?" त्याने विचारलं. "दर वेळी?"

"दर वेळी," मी म्हणाले.

"मला वाटायचं, तिकडे आपलं माणूस बसलंय. आपलं बोलणं जसंच्या तसं पोचतंय." त्याने टोपी घातली. "तुला माझी इतकी लाज वाटायची, हे मला माहीत नव्हतं."

लाज त्याची नव्हे, माझी स्वतःची होती, असं मला सांगायचं होतं. पण तोवर तो फाटकाबाहेर गेला होता. मी आवारात तशीच फेऱ्या मारत राहिले. पहारेकऱ्याने शेवटी विचारलं, काही हरवलंय का.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मला टेलिफोनवरून काढून दप्तरखान्यात टाकलं. साहेबांना लेखी समज मिळाली. काकाबद्दल समितीने लिहिलं, की दोष सिद्ध होत नाही, तरी कामावर परत येण्यासाठी त्याने स्वतः अर्ज करावा.

तो अर्ज लिहायला काका माझ्याकडेच येईल असं मला वाटलं नव्हतं. मे महिन्यात, सरकार आमचं नवं घर बांधत होतं तेव्हा, मी रविवारी आईच्या मदतीला विटा वाहत होते. तो कुंपणाशी आला. कागद आणि पेन बरोबर आणलं होतं. म्हणाला, हात जड झालाय, तू लिही. आईने दोन खोकी उलटी करून टेबल केलं आणि पेल्यात प्लमची दारू ओतली, त्याच्यासाठी एक, माझ्यासाठी अर्धा.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. जसं बोलला तसं. सव्वीस वर्षं बांध राखूया, पाणी मोजूया, बिळं बुजवूया. शहरातला कुणी वाचला असता तर म्हणाला असता, हा माणूस अर्ज करतोय की सगळ्या खात्याला कामाला लावतोय? माझं पेन प्रत्येक क्रियापदाशी अडखळायचं. हाताला सवय वेगळी होती.

निम्म्यावर त्याने मला थांबवलं. "वाच बघू." मी वाचलं. त्याने मान हलवली, मग कपाळावर आठ्या घातल्या. म्हणाला, हे साहेबलोक वाचणार. तुझ्या शाळेतलं लिहावं का?

मी विचारलं, कुठलं हवं?

तो पेल्याकडे बघत बसला. आई विटांवर बसून आमच्याकडे बघत होती. मला घाई नव्हती. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच नव्हती. शेवटी तो म्हणाला, "राहू दे. बदललंस तर मला माझंच वाचता येणार नाही."

जूनमध्ये त्याला कामावर घेतलं. अर्जातल्या भाषेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कुणी वाचला तरी की नाही, कोण जाणे.

टेलिफोनवर आता नवी मुलगी आहे, तालुक्यातल्याच एका मळ्यावरची. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, शंका आली की विचार, सांगताय की बोलावताय. ती विचारते. बांधराखे तिची थट्टा करतात, पण उत्तर देतात. एका जेवणाच्या सुट्टीत मी तिला सहज विचारलं, होमोकरेव्हचा आंब्रुश काय म्हणतो?

ती म्हणाली, त्याला विचारायची वेळच येत नाही. तो पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये सांगतो आणि फोन ठेवतो. आकड्यापलीकडे एक शब्दही बोलत नाही.